खबऱ्या संपादक आणि स्वायत्त कविता

१९८९ मध्ये पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलीस यंत्रणेत ९०,००० हून अधिक पूर्णवेळ कर्मचारी होते, खबरे वेगळेच. १९७६ मध्ये कवी-गायक वोल्फ बियरमान यांचे नागरिकत्व काढून घेतल्यानंतर उघड निषेधाची वाट अरुंद झाली. पूर्व बर्लिनच्या प्रेन्झ्लाउअर बेर्ग भागातील तरुण कवींनी मग सत्तेच्या भाषेबरोबर विरोधाची भाषाही नाकारली. भाषेची मोडतोड हेच त्यांचे स्वातंत्र्य. घरगुती वाचने आणि मोजक्या प्रतींची अनियतकालिके यांवर जगणाऱ्या या वर्तुळाचा सूत्रधार होता साशा आन्डरसन. १९९१ मध्ये ब्यूख्नर पुरस्कार स्वीकारताना बियरमान यांनी त्याला खबऱ्या म्हटले. पुढे दप्तरांनी ते सिद्ध केले. कवी राइनर शेडलिन्स्की हाही खबऱ्याच निघाला.

तेव्हा ही सारी स्वायत्तता पोलिसांनीच रचली होती काय? तसे म्हणणे मला उतावळेपणाचे वाटते (बियरमान यांचा संताप समजण्याजोगा असला, तरी). ज्यांच्याविषयी खबरा दिल्या गेल्या, त्यांच्या ओळी त्यांच्याच आहेत. परंतु राजकारणापासूनची ही अलिप्तता श्टाझीच्या सोयीची होती, हेही नाकारता येत नाही. कोणाची कविता पुढे आणावी हे ठरवताना आन्डरसनचा एक कान कोणाकडे लागलेला होता, याचा पत्ता केवळ संहितेच्या सूक्ष्म वाचनाने लागत नाही. तिच्याशेजारी दप्तरही उघडून ठेवावे लागते.