मराठवाड्यातील शिक्षक संघटना आणि शिक्षणविषयक धोरण

औरंगाबाद (सांप्रतचा छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी हे गाव नावातच रंगाऱ्यांच्या व्यवसायाची खूण बाळगून आहे. प्राथमिक शाळेपासून महाविद्यालयापर्यंत शिक्षणाच्या सर्व पायऱ्या आज ज्या मोजक्या मोठ्या गावांत आढळतात, त्यांपैकी हे एक होय. अशा गावात अध्यापन करणारे शिक्षक लोकांच्या दृष्टीने सारे ‘गुरुजी’ अथवा ‘सर’ असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते एका वर्गाचे नाहीत. प्राथमिक शिक्षक हा जिल्हा परिषदेचा सेवक असतो. खाजगी माध्यमिक शाळेतील शिक्षकाची नेमणूक संस्था करते, परंतु त्याचे वेतन शासनाच्या अनुदानातून येते. महाविद्यालयीन अध्यापकावर विद्यापीठाच्या नियमांची सत्ता चालते. ही विभागणी केवळ प्रशासकीय नाही. शिक्षक संघटनांनी शासनाच्या धोरणावर कोठे प्रभाव पाडला आणि कोठे त्या निष्प्रभ ठरल्या, ह्याचा उलगडा बव्हंशी तिच्यातच सापडतो.

मराठवाड्यापुरते पाहावयाचे तर ह्या विभागणीची मुळे निजामी राजवटीत शोधावी लागतात. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाचा कारभार स्थानिक संस्था व त्यांची शाळामंडळे ह्यांच्याकडे सोपविण्यात आला होता. हैदराबाद संस्थानात मात्र शाळा ही सरळ सरकारी खात्याची बाब राहिली. राज्यकारभाराची भाषा उर्दू, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. अशा परिस्थितीत मराठी मुलांच्या शिक्षणाची दुसरी वाट खाजगी संस्थांनी काढली. औरंगाबादेस १९१५ साली निघालेली सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय ही त्यांतील ठळक नावे होत. ह्या शाळांतील शिक्षक अल्प वेतनावर, पुष्कळदा वेतनाची फारशी पर्वा न करता काम करीत. शिक्षण हे तेथे राजकीय व सांस्कृतिक प्रतिकाराचे अंग होते, आणि त्यागाची भावना हाच त्या नोकरीचा अलिखित करार होता.

ह्या संदर्भात एक गोष्ट सहसा दृष्टीआड होते. हिप्परग्याच्या शाळेत १९२९ साली आलेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, हे त्यापूर्वी कामगार पुढारी ना. म. जोशी ह्यांचे सहकारी होते. संघटित कामगारांचे प्रश्न जवळून पाहिलेला मनुष्य शिक्षक झाला. तथापि ज्या शाळांत त्यांनी काम केले, तेथे शिक्षक हा वेतनासाठी भांडणारा सेवक असू शकतो, ही कल्पना रुजली नाही. तशी ती रुजणे त्या काळी शक्यही नव्हते, कारण समोर प्रतिपक्ष म्हणून संस्थाचालक नव्हता, निजामी सत्ता होती. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ती सत्ता गेली. संस्थाचालक राहिले, त्यागाची भाषाही राहिली. ज्या संकटासाठी ती भाषा जन्मली होती, ते मात्र सरले होते. स्वातंत्र्योत्तर काळातील मराठवाड्याच्या शिक्षक चळवळीचे बीज ह्या विसंगतीत आहे, असे म्हणावे लागते.

मराठवाडा १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींना अनुसरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा संमत झाला व १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. पूर्वीच्या मुंबई राज्यातील प्राथमिक शिक्षकाला ह्यात फारसे नवे काही नव्हते. शाळामंडळाच्या जागी परिषद आली, एवढेच. मराठवाड्यातील शिक्षकाला मात्र हा बदल मोठा होता. काल तो राज्य सरकारचा नोकर होता. आज त्याची बदली, नेमणूक आणि चौकशी ज्या संस्थेच्या कक्षेत आली, तिचे सदस्य त्याच्याच गावातून निवडून जाणारे होते. जुन्या सरकारी हायस्कुलांचा वारसाही परिषदांकडे आला. जिल्हा परिषदेच्या ‘प्रशाला’ मराठवाड्यात ठिकठिकाणी आढळतात, त्यांचे कारण हेच. भा. वा. शिंपी ह्यांच्या नावाशी निगडित असलेली महाराष्ट्र राज्य प्राथमिक शिक्षक समितीही १९६२ सालीच स्थापन झाली. प्राथमिक शिक्षकाचा धनी स्थानिक झाला, त्याच वर्षी त्याची राज्यव्यापी संघटना उभी राहावी, हे अर्थपूर्ण आहे.

खाजगी माध्यमिक शाळांतील शिक्षकांची अडचण वेगळी होती, आणि तीच अधिक काळ अनुत्तरित राहिली. ह्या शाळांचे नियमन माध्यमिक शाळा संहितेने होत असे. परंतु संहिता म्हणजे कायदा नव्हे. ती अनुदानाच्या अटींचा संग्रह होती. संस्थेने अट मोडली तर शासन अनुदान रोखू शकत असे, पण काढून टाकलेल्या शिक्षकाला त्या संहितेच्या बळावर न्यायालयातून नोकरी परत मिळणे दुरापास्त होते. वेतनपत्रकावर एक रक्कम आणि हातात दुसरी, ही तक्रार त्या काळी सार्वत्रिक होती. वेतन बँकेतून देण्याची मागणी संघटनांनी धरून लावली ती ह्याच अनुभवामुळे. मराठवाडा शिक्षक संघासारख्या संघटनांचे बळ प्रामुख्याने ह्या वर्गातून आले.

हाच प्रश्न केरळात किती स्फोटक ठरला, हे येथे आठवणे उपयुक्त होईल. शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी ह्यांनी १९५७ साली मांडलेल्या विधेयकात खाजगी शाळांतील शिक्षकांच्या नेमणुकी व वेतन ह्यांवर शासकीय नियंत्रण योजिले होते. त्यावरून उसळलेल्या आंदोलनाची परिणती ३१ जुलै १९५९ रोजी राज्य सरकार बरखास्त होण्यात झाली. महाराष्ट्रात तशाच आशयाचा कायदा जवळजवळ दोन दशके उशिरा आला, आणि त्यावरून कोणतेही सरकार पडले नाही. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा १५ जुलै १९८१ पासून अंमलात आला. त्याने सेवाशर्तींना वैधानिक स्वरूप दिले. बडतर्फी, सेवासमाप्ती वा पदावनती ह्यांविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा हक्क शिक्षकास प्राप्त झाला. शिक्षक संघटनांच्या इतिहासात ह्याहून टिकाऊ असे दुसरे यश दाखविता येणार नाही.

ह्या कायद्याची जुळवाजुळव होत असतानाच १४ डिसेंबर १९७७ रोजी र. ग. कर्णिक ह्यांच्या नेतृत्वाखाली राज्यातील सरकारी व निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक ह्यांचा संप सुरू झाला. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता ही त्याची मुख्य मागणी होती व तो ५४ दिवस चालला. कायदा आणि संप ह्यांत सरळ कार्यकारणसंबंध जोडण्याची घाई करू नये. परंतु ह्या संपाने एक गोष्ट निश्चित केली: शिक्षक ह्यापुढे आपल्या मागण्या इतर कर्मचाऱ्यांच्या पंगतीस बसून मांडणार होता. त्याचा लाभ वेतनात झाला. मात्र समाजाच्या मनातील त्याची प्रतिमा बदलली. शाळेचा प्रश्न आणि शिक्षकाचा प्रश्न हे दोन निराळे प्रश्न मानले जाऊ लागले.

वस्तुतः ह्याच्या अकरा वर्षे आधी दोन महत्त्वाच्या दस्तऐवजांनी ते एक मानले होते. १९६६ साली कोठारी आयोगाने आपल्या अहवालात राज्योराज्यी शिक्षकांच्या संयुक्त समित्या स्थापून त्यांच्याशी विचारविनिमय करावा, असे सुचविले. त्याच वर्षी युनेस्को व आंतरराष्ट्रीय मजूर संघटना ह्यांच्या पुढाकाराने पॅरिस येथे स्वीकारलेल्या शिफारशींत, शैक्षणिक धोरण ठरविण्याच्या कामी शिक्षक संघटनांना सहभागी करून घ्यावे, असे तत्त्व नमूद झाले. महाराष्ट्रात अशा सल्लामसलतीची जागा प्रत्यक्षात विधान परिषदेने घेतली. संविधानाच्या १७१ व्या अनुच्छेदाप्रमाणे परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या आहेत; मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांची मिळून त्यांतील एक. परंतु तेथे मताचा अधिकार माध्यमिक वा त्यावरील संस्थांत किमान तीन वर्षे शिकविणाऱ्यांसच आहे. गावच्या प्रशालेतील वा महाविद्यालयातील शिक्षक आपला आमदार निवडतो. त्याच गावातील पहिलीच्या वर्गाचा शिक्षक निवडू शकत नाही. अनुदान, माध्यमिक सेवाशर्ती, शिक्षकेतर पदे ह्या विषयांना सभागृहात कायमचा वक्ता लाभला. मुलाला वाचावयास शिकविणाऱ्या वर्गाला तसा वक्ता लाभला नाही. त्याला आपले वजन जिल्हा परिषदेच्या सभापतींकडे अथवा रस्त्यावर खर्च करावे लागले.

१९७७ च्या कायद्याने जे मिळविले, त्याला खिंडार पडले ते कायदा रद्द होऊन नव्हे, तर निरनिराळ्या शासन निर्णयांतून. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिक शाळेत नव्याने येणारा शिक्षक तीन वर्षे दरमहा ३००० रुपये मानधनावर राबू लागला. पाठोपाठ नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ ह्या अटीवर परवानगी देण्याचे धोरण आले. १ नोव्हेंबर २००५ नंतर नियुक्त झालेल्यांचे जुने निवृत्तिवेतन बंद झाले. ह्यांपैकी एकाही निर्णयाने जुन्या शिक्षकाचे काही गेले नाही, आणि नेमके म्हणूनच त्यांस वेळीच परिणामकारक विरोध झाला नाही, असा निष्कर्ष काढणे भाग आहे. एकाच शिक्षकदालनात समान काम करणारे तीन-चार दर्जांचे शिक्षक बसू लागले. ‘कायम’ हा शब्द २००९ साली वगळला गेला. पात्र शाळांना २० टक्के अनुदान देण्याचा निर्णय २०१६ साली झाला. त्या वर्षी ४ ऑक्टोबरला औरंगाबादेत मंत्रिमंडळाची बैठक भरली असता विनाअनुदानित शाळांच्या शिक्षकांच्या मोर्चावर लाठीमार झाला. जुन्या निवृत्तिवेतनासाठी सर्व कर्मचाऱ्यांसह संप व्हावयास तर १४ मार्च २०२३ उजाडावे लागले.

संघटनांच्या मर्यादेचे दुसरे उदाहरण कन्नडच्या शेजारच्याच मतदारसंघाने पुरविले. गंगापूरचे आमदार प्रशांत बंब ह्यांनी २०२२ साली शिक्षक मुख्यालयी राहत नसताना घरभाडे भत्ता उचलतात, असा आक्षेप विधानसभेत घेतला. शिक्षक व पदवीधर मतदारसंघ रद्द करावेत, अशी मागणीही त्यांनी केली. त्याविरुद्ध शिक्षकांनी शहरात मोठा मोर्चा काढला. खेड्यात राहण्याजोगी घरे नाहीत, हे संघटनांचे उत्तर पुष्कळ अंशी खरे होते. परंतु पालकाला त्याने समाधान वाटले नाही. भत्ता ही वेतनाची बाब म्हणून राखली गेली होती. शिक्षक गावात का राहावा आणि त्यासाठी शासनाने निवासस्थाने का बांधावीत, हा धोरणाचा मुद्दा म्हणून ती लोकांपुढे पुरेशा आग्रहाने कधी मांडली गेली नव्हती.

ह्याच्या उलट प्रकार २०२४ साली घडला. १५ मार्चच्या संचमान्यतेच्या आदेशात सहावी ते आठवीच्या वर्गांत २० हून कमी विद्यार्थी असल्यास तेथे शिक्षकाचे पदच मंजूर होऊ नये, अशी व्यवस्था होती. आणि ५ सप्टेंबरच्या, म्हणजे शिक्षकदिनीच काढलेल्या, निर्णयान्वये २० वा त्याहून कमी पटाच्या शाळेत कंत्राटी शिक्षक नेमण्याचे ठरले. संचमान्यता हा शब्द रुक्ष आहे, पण वाडीवस्तीवरच्या शाळेचे भवितव्य अभ्यासक्रमापेक्षा त्यावरच अधिक ठरते. मोठ्या गावात पट टिकतो. भोवतालच्या वस्तीवर तो २० च्या खाली गेला की तेथील सातवीच्या मुलीला रोज मोठ्या गावी जावे लागणार, अथवा शाळा सोडावी लागणार. २५ सप्टेंबर रोजी राज्यभरातील प्राथमिक शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढले. त्यांना अर्थातच आपली पदे वाचवावयाची होती. पण ह्या वेळी पद वाचणे आणि वस्तीवरचा वर्ग वाचणे ह्या दोन गोष्टी एकच होत्या, आणि प्राथमिक शिक्षकाला विधान परिषदेत मत नसले तरी त्या वर्गातील मुलांच्या पालकांना विधानसभेत होते. निवडणूक त्या वेळी दोन महिन्यांवर आली होती.