फौजेची रसद आणि रयतेचा चारा



सोनईहून घोडेगांवास गेलें, कीं अहिल्यानगराहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणारा हमरस्ता लागतो. तोच पुढें प्रवरासंगमापाशीं गोदावरी ओलांडतो. 1803 च्या ऑगस्टमध्यें आर्थर वेलस्लीचें सैन्य याच बाजूनें गेलें. 12 ऑगस्टला नगरचा किल्ला हातीं येतांच त्यानें तेथें रसदेचें ठाणें केलें, आणि भर पावसाळ्यांत, कातड्यानें मढविलेल्या टोपल्यांच्या नावांतून टोक्यापाशीं गोदावरी उतरून तो पुढें गेला. 23 सप्टेंबरला असईची लढाई झाली.

लढाई इतिहासांत राहिली. धान्य वाहणारे बैल व वंजाऱ्यांचे तांडे मात्र विस्मृतींत गेले. बैल धान्य वाहतो खरा, पण चाराही खातो. पल्ला जितका लांब, तितके बैल अधिक. आणि बैल जितके अधिक, तितकीं वाटेवरचीं कुरणें लौकर उजाड होतात. होळकरांच्या फौजांनीं हा मुलूख आधींच लुटला होता. पाठोपाठ 1804 चा दुष्काळ आला. त्याचा सर्व दोष आकाशाकडे जात नाहीं.

हें गणित आपल्याकडे अज्ञात होतें असें नाहीं. शिवाजीमहाराजांनीं 1673-74 च्या सुमारास चिपळूणच्या छावणींतील अंमलदारांस पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. सांठविलेला दाणावैरण आतांच बेहिशेबी उधळाल, तर पावसाळ्यांत घोडीं मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिराल, आणि रयत देशोधडीस लागेल, असा त्याचा आशय आहे. उंदीर पेटती वात ओढून नेतील व गवताच्या गंज्या जळतील, येथपर्यंत त्यांत दृष्टि पोंचली आहे. पुढें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रानेंही आरमाराच्या लांकडासाठीं रयतेचे आंबे-फणस तोडण्यास मनाई केली.

आतां यंत्राकडे वळूं. 1991 च्या आखाती युद्धांत अमेरिकेच्या सैन्यानें माणसें व सामग्री हलविण्याच्या योजनेसाठीं ‘डार्ट’ नांवाची कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली वापरली. ज्या योजनेस पूर्वीं कित्येक आठवडे लागत, ती कांहीं तासांत सिद्ध होऊं लागली. पण तिचा हिशेब वेळ, वाहनें व मार्ग यांचा होता. हवा, पाणी व जमीन यांचा नव्हता.

आज तो हिशेब वाढवितां येतो. कोणता ट्रक अर्धा रिकामा जातो, कोणत्या इंजिनाचा भाग झिजत आला आहे, दूरच्या ठाण्यास किती इंधन खरोखर लागेल, हें यंत्र आगाऊ सांगूं शकतें. डिझेलची टांकी पोंचविणारी गाडी स्वतःच डिझेल पिते. वेलस्लीच्या बैलाचीच ही गोष्ट. म्हणूनच लडाखांतील चुशूल येथें डिझेलच्या जनित्रांऐवजीं सूर्यशक्ति व हायड्रोजन यांवर वीज देण्याचा प्रकल्प 2024 मध्यें लष्करासाठीं हातीं घेण्यांत आला.

परंतु एक शंका उरतेच. वांचलेल्या इंधनावर फौज अधिक दूर दौडली, तर लाभ कोणता? शिवाय ही गणना करणारीं यंत्रेंही पुष्कळ वीज खातात. यंत्र तेंच मोजतें, जें मोजावयास आपण सांगतों. चिपळूणच्या पत्रांत घोड्याच्या चाऱ्याबरोबर कुणब्याचें घरही मोजलें होतें.

अहिल्यानगर हें आज रणगाडा दलाच्या शिक्षणाचें व लष्करी वाहनांच्या संशोधनाचें ठिकाण आहे. तेथें कधीं असा हिशेब यंत्रावर मांडला गेला, तर सोनईसारख्या गांवांची विहीर, कुरण व हवा त्यांत प्रथमपासून धरावी, येवढेंच मागणें आहे.