मगवंप

पक्ष बदलणाऱ्या माणसांविषयी मला भारी कुतूहल. आमच्या घराण्यात कुणी साधा न्हावीसुद्धा बदललेला नाही. म्हणूनच अमेरिकेतली १८८४ सालची अध्यक्षपदाची निवडणूक मी मोठ्या चवीने वाचतो.

रिपब्लिकनांनी जेम्स ब्लेन यांना उभं केलं. वक्तृत्व फर्डं, पण रेल्वे कंपन्यांशी केलेले व्यवहार संशयास्पद. त्यांचं एक जुनं पत्रच बाहेर आलं. त्यात सूचना होती, हे पत्र जाळून टाका! जाळायला सांगितलेलं पत्रच लोक हटकून जपून ठेवतात, हे एवढ्या मुरब्बी माणसाला कसं ठाऊक नसावं?

झालं! पक्षातली सोवळी मंडळी उठली आणि डेमोक्रॅट ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या मागे गेली. त्यांत मार्क ट्वेनही होता. लोकांनी त्यांना 'मगवंप' म्हणून हिणवलं. अल्गॉन्क्वियन भाषेतल्या मूळ शब्दाचा अर्थ 'मोठा सरदार'. म्हणजे आपण एखाद्याला 'शहाणा' म्हणतो ना, त्यातलाच प्रकार. तरुण थिओडोर रूझवेल्टलाही ब्लेन नको होते. पण तो पक्षातच राहिला आणि १९०१ साली अध्यक्ष झाला.

इतक्यात मगवंपांचं सोवळं मोडलं. ब्रह्मचारी क्लीव्हलंडना मारिया हॅल्पिन या विधवेपासून मूल असल्याचा बोभाटा झाला. "खरं ते सांगा," असं त्यांनी आपल्या माणसांना कळवलं. मग एका समर्थकाने म्हणे तोडगा काढला: क्लीव्हलंड सार्वजनिक जीवनात स्वच्छ, त्यांना सार्वजनिक पद द्या, ब्लेन घरी सज्जन, त्यांना घरी पाठवा. तोडगा झकास. फक्त मारियाचं काय, ते त्यात नव्हतं. तिचं मूल अनाथाश्रमात गेलं होतं. चारित्र्याच्या त्या गदारोळात कायमची बदनामी पदरात पडली ती तिच्याच.

मतदानाला सहा दिवस उरले असताना एका पाद्रीबुवांनी ब्लेन यांच्यादेखत डेमोक्रॅटांना दारू, रोमन कॅथलिक पंथ आणि बंडखोरी यांचा पक्ष ठरवलं. ब्लेन यांची आई स्वतः कॅथलिक. आयरिश मतांसाठी त्यांनी जंग जंग पछाडलेलं. तरी ते वेळेवर बोलले नाहीत. त्याच रात्री ते धनिकांच्या मेजवानीला बसले.

न्यूयॉर्क राज्यात अकरा लाखांवर मतं पडली. क्लीव्हलंडना आघाडी मिळाली जेमतेम हजार-अकराशेंची. तिथल्या ३६ प्रतिनिधी-मतांनी अध्यक्षपद त्यांच्याकडे गेलं, २१९ विरुद्ध १८२. हे पाद्रीबुवांमुळे की मगवंपांमुळे, यावर वाद घालायला इतिहासकार मोकळे आहेत.

मला मगवंपांची मागणी आवडते: सरकारी नोकऱ्या वशिल्याने नव्हे, गुणांवर द्या. पक्ष सोडायचा, आणि नव्या घरी जाऊन 'वशिला बंद करा' म्हणायचं! त्यांना लोक हसले यात नवल नाही. पक्षांतराचा एवढा आतबट्ट्याचा व्यवहार मी तरी दुसरा ऐकलेला नाही.