चाकाखालच्या फळ्या

१. *चाकाखालच्या फळ्या* : अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत मुक्कामाच्या अनेक जागा उताराच्या असतात, त्यामुळे कॅम्पिंग ट्रेलर लावला की आधी समतल करावा लागतो. यात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी डावी-उजवी बाजू पाहायची. खाली गेलेल्या बाजूच्या चाकांपुढे फळ्या ठेवून ट्रेलर त्यांवर चढवायचा. मग चाकांना पुढून-मागून पाचरी मारायच्या आणि त्यानंतरच तो गाडीपासून सोडवायचा. पाचरी राहिल्या तर ट्रेलर उताराने निघालाच म्हणून समजा. पुढची-मागची पातळी शेवटी, दांड्यावरच्या जॅकने. कोपऱ्यांतले जॅक फक्त डुगडुग थांबवण्यापुरते. त्यांनी वजन उचलू गेल्यास सांगाडा वाकतो.

कलत्या ट्रेलरमध्ये झोपमोड होते हे खरे, पण या खटपटीचे मोठे कारण फ्रिज आहे. गॅसवर चालणारा हा शोषण-फ्रिज बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये तयार केला. त्यात कॉम्प्रेसर नाही, एकही फिरता भाग नाही. अमोनियाचे द्रावण उताराच्या नळ्यांतून आपल्या वजनाने परत खाली येते. ट्रेलर कलता राहिला तर ते मध्येच साचते, तापणारी नळी कोरडी पडते आणि द्रावणातला गंजरोधक क्षार तिच्यात घट्ट बसतो. नळी एकदा चोंदली की बहुधा सगळी शीतयंत्रणाच बदलावी लागते. बॅटरीवरच्या कॉम्प्रेसर फ्रिजला हा धोका नाही.