दूरध्वनीचा भरणा-आकार : ग्राहक व दाद

दूरध्वनी सेवेचे देयक किंवा अग्रिम रक्कम कोणत्या पद्धतीने भरली, यावरून मूळ दराव्यतिरिक्त घेतली जाणारी रक्कम म्हणजे भरणा-आकार. ही रक्कम बहुधा दोनतीन रुपयांची असते आणि मुंबईत ती जशी पडते, तशीच चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्लीसारख्या वनालगतच्या गावीही पडते. तिच्याविषयीची तक्रार देयकांच्या इतर तक्रारींच्या मार्गानेच जाते. हा मार्ग कोणाच्या दारी संपतो, याविषयी भारतात दीर्घकाळ मतभेद होते.

भारतीय तार अधिनियम १८८५ चा. त्यात १९५७ मध्ये घातलेल्या कलम ७-ब नुसार तारमार्ग व उपकरणे यांसंबंधी तार प्राधिकारी व ग्राहक यांच्यात उद्‌भवणारा वाद केंद्र शासनाने नेमलेल्या लवादाकडे जाई व त्याचा निवाडा अंतिम मानला जाई. दूरध्वनी खाते शासनाचे आणि लवाद नेमणारेही शासनच, ही व्यवस्था ग्राहकाच्या दृष्टीने समतोल म्हणता येत नाही. शिवाय तार नियमावलीतील (१९५१) नियम ४४३ अन्वये देयक थकल्यास जोडणी तोडता येत असे. साहजिकच वादग्रस्त रक्कम आधी भरून मग दाद मागणे, हाच बहुतेकांच्या दृष्टीने व्यवहार्य मार्ग होता. १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानंतर लोक जिल्हा मंचांकडे वळले. परंतु केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २००९ रोजी कलम ७-ब मधील विशेष उपाय असताना ग्राहक मंचास अधिकार नाही, असा निर्णय दिला.

दरम्यान सेवेचे स्वरूप पालटले होते. १९९७ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले, खाजगी कंपन्या आल्या आणि अग्रिम रक्कम भरून बोलण्याची पद्धत सर्वत्र रुळली. संभाषणमूल्य भरताना कापल्या जाणाऱ्या प्रक्रिया-शुल्कावर प्राधिकरणाने २००८ मध्ये २ रुपयांची मर्यादा घातली. २० रुपये व त्यांवरील भरण्यासाठी ती २०१२ मध्ये ३ रुपये झाली. दराला मर्यादा मिळाली, तरी एकेका ग्राहकाचा तंटा सोडविणे हे प्राधिकरणाचे काम नव्हते. २०१२ च्या विनियमांनी तक्रार केंद्र व अपील प्राधिकारी अशी द्विस्तरीय रचना केली. मात्र हे दोन्ही स्तर कंपनीच्याच अखत्यारीत होते.

कोंडी फुटली ती अहमदाबादच्या एका ग्राहकामुळे. त्याचे सरासरी मासिक देयक ५५५ रुपये असताना नोव्हेंबर–डिसेंबर २०१३ च्या महिन्यासाठी २४,६०९ रुपयांहून अधिक आकारणी झाली. देयकाची रक्कम पतपत्रातून आपोआप भरली जावी, अशी त्याची व्यवस्था होती. सोयीच्या या पद्धतीत हरकत घेण्यापूर्वीच पैसे जाण्याचा धोका असतो, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. कंपनीने २००९ च्या निर्णयाचा आधार घेतला. दूरसंचार विभागाने मात्र जानेवारी २०१४ मध्येच खाजगी कंपन्यांना तार प्राधिकाऱ्याचे अधिकार दिलेले नसल्याचे कळविले होते. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्यासह तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ग्राहक मंचाचा उपाय हा अधिकचा उपाय असून कलम ७-ब मुळे तो बाद होत नाही, असे ठरविले. दूरसंचार अधिनियम, २०२३ मधील कलम ३० नेही ग्राहक संरक्षण अधिनियमाखालील हक्क अबाधित ठेवला.

खुद्द भरणा-पद्धतीवरील आकाराचा ठळक निवाडा यूरोपातला आहे. ऑस्ट्रियातील टी-मोबाइल कंपनी कागदी हस्तांतरपत्राने किंवा संगणकीय बँकव्यवहाराने देयक भरणाऱ्यांकडून ३ यूरो घेत असे. तेथील ग्राहक माहिती संघटनेने दावा लावला. यूरोपीय संघाच्या न्यायालयाने ९ एप्रिल २०१४ रोजी भ्रमणध्वनी कंपनीलाही भरणा-सेवांविषयीचा निर्देश लागू असून सदस्य राष्ट्रास असा आकार सरसकट मना करता येतो, असा निर्णय दिला. ३ यूरोंसाठी एकटा ग्राहक इतक्या दूर गेला नसता. दावा संघटनेने चालविला, म्हणूनच तो तेथवर पोहोचला.

भारतात १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील व्यापारी-सवलत आकार शून्य झाला. तरीही २०२१ पासून भ्रमणध्वनीचे पुनर्भरण करताना काही भरणा-उपयोजने एकदोन रुपये घेऊ लागली. हा आकार दूरध्वनी कंपनीचा नसून मध्यस्थाचा असतो. त्यामुळे विरुद्ध पक्ष कोण, हे पावतीवरून आधी निश्चित करावे लागते.

मोहर्ली हे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या प्रवेशद्वारावरील गाव. १९८६ च्या अधिनियमाखाली तक्रार विरुद्ध पक्षाचे ठिकाण किंवा तक्रारीचे कारण घडलेली जागा यांवरून दाखल होई. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या अधिनियमामुळे तक्रारदारास स्वतःच्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. मोहर्लीच्या रहिवाशाला त्यामुळे चंद्रपूरचा जिल्हा आयोग पुरतो. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्कही नाही. तरीही दोन रुपयांसाठी चंद्रपूरची एक फेरी परवडत नाही, ही अडचण उरतेच. समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकाला, किंवा नोंदणीकृत ग्राहक संघटनेला तक्रार करू देणारे कलम ३५ याच कारणाने महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रात अशा संघटनांची परंपरा जुनी असून पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचा पाया घातला, तर मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून कार्यरत आहे.