कोठीतला विश्वास

भगिनींनो, आपण चारचौघी जमलो म्हणजे बोलणे हल्लीच्या तरुणांवर येऊन ठेपतेच. त्यांचा कुणावर भरवसा नाही, शेजारी घराची किल्ली ठेवायलाही ती कचरतात, ही आपली तक्रार. ती खोटी नाही. परंतु आपल्या कर्जत भागाचा इतिहास चाळताना मला निराळेच काही दिसले.

माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आपले भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा. नाभिक कुटुंबातला हा मुलगा वकील झाला. पावसाळ्यात घरातले भात संपले की गरीब शेतकऱ्याला सावकाराचा उंबरा गाठावा लागे. तो चुकावा म्हणून भाईंनी धान्याच्या कोठ्या उघडल्या. अशी कोठी नुसत्या कुलपावर चालत नाही. आज मी नेलेले भात सुगीला परत घातले, तरच उद्या शेजारणीला मिळते. एकीने बुडवले की सगळ्यांचे अडते. (बायकांना हे गणित काय समजवायचे म्हणा!)

पुढे १९४२ साली भाईंनी आझाद दस्ता उभारला. मुंबईला वीज नेणारे मनोरे या पोरांनी पाडले. सरकारने बक्षीस लावले. तरीही ते रानात टिकले, ते वाड्यावस्त्यांवरच्या भाकरीच्या आधाराशिवाय कसे शक्य होते? अखेर फितुरी झाली आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई आणि मानिवलीचे हिराजी पाटील यांना वीरमरण आले. भाईंचे वय अवघे तीस.

म्हणजे फितूर तेव्हाही होतेच. जुनी माणसे सारी सोन्याची होती, हे मला पटत नाही.

मग आजच्या मुलांनी काय पाहिले? मुंबईकरांच्या फार्महाऊससाठी इकडच्या जमिनी विकल्या जाऊ लागल्या, तसा सातबाऱ्यावरून भाऊ भावाशी बोलेनासा झाला. दलालीला गावचाच माणूस पुढे. हे व्यवहार थोरांनी केले. मुले ओटीवर बसून ऐकत होती.

आता आपल्या मुली पळसदरीहून गाडी धरून कामाला जातात, परक्यांचे हिशेब चोख सांभाळतात. बचत गटाची वही आणि पेटी यंदापासून त्यांच्यातल्या दोघींकडे द्यावी, असा ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. कुणाची लेक किंवा सून तयार असेल, तिचे नाव सभेपूर्वी कळवावे.