नकली पिस्तुलाचा खरा इतिहास

दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल उडवले नाही असा मराठी माणूस विरळाच. पत्र्याचे, चंदेरी नाहीतर काळे, भाऊबीजेपर्यंत चाप सैल होणारे. पिस्तूल मोडले की उरलेल्या टिकल्या फरशीवर ठेवून दगडाने फोडायच्या. ते हातात घेऊन आम्ही अख्ख्या वाड्यात 'हँड्स अप' करत हिंडायचो आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नसे.

मंडळी, पुढे मी इंग्लंडमध्ये शिकायला आलो, एम.एस्सी. केली, आयटी कन्सल्टन्ट म्हणून इथेच रमलो आणि आता आमच्या सोळा वर्षांच्या चिरंजीवांना वेगळेच पिस्तूल हवे आहे. एअरसॉफ्टचे, गॅसवर चालणारे. ज्यांच्या घरी हे वेड अजून शिरलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो : एअरसॉफ्ट म्हणजे मोठ्यांचे चोर-पोलीस. रानात दोन तट पडतात, डोळ्यांना गॉगल लावायचा, आणि एकमेकांवर ६ मिलीमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या झाडायच्या. गोळी लागली की आपणच हात वर करून बाद व्हायचे. गॅसच्या पिस्तुलाची गंमत अशी की प्रत्येक गोळीबरोबर वरचा भाग खाडकन मागे जाऊन परत येतो आणि हाताला हिसका बसतो, अगदी खऱ्यासारखा.

आम्ही दुकानात गेलो तेव्हा विक्रेत्याने तीन गोष्टी विचारल्या. गॅस कोणता, रंग कोणता, आणि किती ज्यूलचे? मला यातले काहीच कळले नाही. पण जुन्या सॉफ्टवेअरची डागडुजी करण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. त्यात एखादी विचित्र अट दिसली की समजायचे, इथे कधीतरी काहीतरी घडले आहे आणि त्यानंतर कुणीतरी ही ओळ घातली आहे. त्या सवयीने मी या तीन प्रश्नांचा माग काढू लागलो. तो थेट जपानला जाऊन पोहोचला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगणे जवळजवळ अशक्य झाले. १९५८ च्या तलवारी-बंदुकांच्या कायद्याने ते पक्के केले. पण अमेरिकन सिनेमे तर येतच होते. जे घेता येत नाही त्याची हुबेहूब प्रतिकृती करायची, या जपानी चिकाटीतून १९६० च्या दशकात 'मॉडेल गन' नावाचा छंद फोफावला. धातूच्या, वजनदार, आतल्या एकेका भागासकट खऱ्यासारख्या, फक्त गोळी न झाडणाऱ्या बंदुका. मार्च १९७० मध्ये नऊ तरुणांनी जपान एअरलाइन्सचे विमान पळवले आणि अखेर ते प्याँगयांगला नेले. त्यांच्या हातातली शस्त्रे नकली होती हे नंतर उघड झाले. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, कायदा बदलला : धातूच्या नकली पिस्तुलाची नळी बुजवलेली हवी आणि रंग पांढरा किंवा पिवळा हवा. सोनेरी रंग पिवळ्यात धरला जातो, म्हणून जुन्या जपानी मॉडेल गन लग्नातल्या दागिन्यांसारख्या झळकतात! १९७७ मध्ये नियम आणखी कडक झाले.

कायद्याचा हा रोख धातूवर होता. मग कारखानदार प्लास्टिककडे वळले. प्लास्टिकचे पिस्तूल काळे असले तरी चालत होते, आणि त्यातून हलकी प्लास्टिकची गोळी उडवायलाही हरकत नव्हती. आधी स्प्रिंगवर, मग १९८० च्या दशकात गॅसवर. पुढे १९९१ मध्ये तोक्यो मारुई या कंपनीने बॅटरीवर चालणारी रायफल आणली आणि रायफलींचा बाजार तिकडे गेला. पिस्तुलात मात्र गॅसच टिकला, कारण मुठीएवढ्या जागेत तसा हिसका देणारे दुसरे काही मावत नाही. म्हणजे आज लिव्हरपूलच्या रानात पोरे जे खेळतात, ते जपानी बंदीचे अपत्य आहे. बंदी नसती तर एवढी कल्पकता कुणी कशाला खर्च केली असती?

आता गॅस. सुरुवातीच्या जपानी पिस्तुलांत सीएफसी-१२ वापरत, म्हणजे आपल्या जुन्या फ्रिजमध्ये असायचा तोच. त्याने ओझोनच्या थराला भोक पडते हे सिद्ध झाल्यावर १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि श्रीमंत देशांत १९९५ च्या अखेरीस त्याचे उत्पादन थांबले. त्याची जागा घेतली एचएफसी-१३४ए ने. हा मोटारीच्या एसीत असायचा, आणि आम्हा संगणकवाल्यांच्या कीबोर्डवरची धूळ उडवायच्या डब्यातही. ओझोनला तो निरुपद्रवी, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तरबेज! म्हणून युरोपात २०१८ पासून त्याच्या बहुतेक डब्यांवरही गदा आली. पोराच्या खेळण्यात पर्यावरणाचे दोन आंतरराष्ट्रीय नियम दडलेले असतील असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

ब्रिटनमध्ये सर्रास मिळतो तो 'ग्रीन गॅस'. नाव मोठे निसर्गप्रेमी आहे, प्रत्यक्षात तो प्रोपेन, थोडे सिलिकॉनचे तेल घातलेला. प्रोपेन म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या दोन मुख्य वायूंपैकी एक. खेळाच्या मैदानावर सिगारेट ओढायला मनाई का असते ते यावरून कळावे.

फरक आहे तो दाबाचा. २० अंश सेल्सिअसला १३४ए चा दाब साधारण पावणेसहा बार, प्रोपेनचा सव्वाआठ बारच्या पुढे, आणि कार्बन डायऑक्साइडचा तब्बल ५७ बार. जपानी पिस्तूल १३४ए च्या बेताने घडवलेले, वर त्यांच्या कायद्यामुळे वरचा भाग प्लास्टिकचा. त्यात उन्हाळ्यात ग्रीन गॅस भरून सतत खेळले तर तो भाग तडकू शकतो. तैवानच्या कारखान्यांवर ते बंधन नव्हते, त्यांनी धातूचे भाग घालून पिस्तूल प्रोपेनसाठीच बनवले. म्हणून विक्रेता आधी गॅस विचारतो. आपण समजतो तो आवडनिवड विचारतो आहे. तो खरे तर विचारत असतो, कोणत्या देशाच्या कायद्यात जन्मलेले पिस्तूल घेणार?

आणखी एक अडचण इथल्या हवेची. द्रवाचा वायू होताना उष्णता शोषली जाते. माठातले पाणी गार होते ते याच तत्त्वावर. भराभर गोळ्या झाडल्या की मॅगझिन हाताला बर्फासारखे लागते, दाब उतरतो आणि पिस्तूल मरगळते. शून्य अंशाला प्रोपेनचा दाब पावणेपाच बारच्या आसपास येतो, १३४ए चा तीन बारच्याही खाली. जानेवारीतल्या इंग्लिश रविवारी १३४ए म्हणजे निव्वळ फुसकी टिकली. कार्बन डायऑक्साइडचा दाब मात्र शून्य अंशालाही ३५ बारच्या जवळपास राहतो. १२ ग्रॅमची छोटी पोलादी कुपी मुठीत बसवायची की झाले. ही कल्पना जुनी आहे. पॉल जिफार नावाच्या फ्रेंच संशोधकाने कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या बंदुकीचे पेटंट १८८९ मध्येच घेतले होते.

पण ब्रिटनमध्ये याच वायूची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती फार विचित्र वाटते. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या शाळेत एका माणसाने १६ बालके आणि त्यांच्या शिक्षिकेचा जीव घेतला. त्याच्याकडची पिस्तुले परवान्याची होती. देश हादरला आणि १९९७ मध्ये दोन कायदे करून खासगी पिस्तुलांवर जवळपास पूर्ण बंदी आली. त्यातल्या पहिल्याच कायद्यात एक कलम असेही आहे की कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या बंदुका यापुढे हवेच्या बंदुकांसारख्या मानाव्यात. तोवर त्यांना परवाना लागत असे. खरी पिस्तुले एका कलमाने गेली आणि गॅसची दुसऱ्या कलमाने मोकळी झाली!

ज्यूलचा प्रश्न लवकर आटोपतो. जपानने २००६ मध्ये ०.९८ ज्यूलची मर्यादा घातली. त्याआधी जास्त ताकदीच्या नकली बंदुकांनी रस्त्यावरच्या मोटारींच्या काचा फोडण्याचे प्रकार घडले होते. ब्रिटनने २०१७ च्या कायद्यात आकडे दिले : एकेक गोळी झाडणाऱ्याला २.५ ज्यूल, सलग झाडणाऱ्याला १.३. मैदाने पिस्तुलासाठी याहून बरेच खाली राहतात. तुलनेसाठी सांगतो, खऱ्या ९ मिलीमीटर पिस्तुलाची गोळी ५०० ज्यूलच्या आसपास असते. म्हणजे जीव जाण्याचा प्रश्न नाही, पण डोळा जाऊ शकतो. गॉगलच्या बाबतीत काटकसर करू नये.

राहिला रंग, आणि खरी गोष्ट इथेच आहे.

लंडनच्या ऑल्डविचचे इंडिया हाउस आपल्याला ठाऊक आहे. सावरकर राहिले ते हायगेटचे घर वेगळे, हे आपल्या हायकमिशनचे. २० फेब्रुवारी १९७३ च्या सकाळी तिथे तीन पाकिस्तानी तरुण शिरले आणि त्यांनी कर्मचाऱ्यांना ओलीस धरले. १९७१ चे युद्ध संपून जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. पोलीस आले, समोर पिस्तुले दिसली, त्यांनी गोळ्या झाडल्या. दोघे जागीच ठार झाले. तिसरा पकडला गेला, तो पंधरा वर्षांचा होता. पिस्तुले खेळण्यातली निघाली.

त्यांचे कृत्य खेळ नव्हते, आणि ओलीस धरलेल्यांची भीती खरी होती. मला त्यांची वकिली करायची नाही. पण पोलिसांच्या जागी आपण असतो तर त्या क्षणी काय ओळखले असते? काही नाही. इतिहासात हाच पेच पुन्हा पुन्हा येतो. ऑगस्ट १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका दूरचित्रवाणी केंद्रात थेट प्रक्षेपण चालू असताना एक माणूस डेव्हिड होरोविट्झ या वार्ताहराच्या पाठीला पिस्तूल लावून उभा राहिला आणि आपले निवेदन त्याला वाचायला लावले. तेही पिस्तूल खेळण्यातले, रिकामे. होरोविट्झ यांनी नंतर अशा खेळण्यांविरुद्ध मोहीमच उघडली. १९८९ पासून अमेरिकेत नकली पिस्तुलाच्या नळीचे टोक भडक नारिंगी असणे सक्तीचे झाले.

पण टोक काढता येते. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी क्लीव्हलँडच्या एका बागेत तामीर राइस हा बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा असेच एअरसॉफ्टचे पिस्तूल घेऊन खेळत होता. नारिंगी टोक निघालेले होते. पोलिसांना फोन करणाऱ्याने 'बहुधा नकली आहे' असे सांगितलेही होते. ते शब्द फोन घेणारीपासून गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोहोचलेच नाहीत. गाडी थांबल्यापासून दोन सेकंदांच्या आत त्याच्यावर गोळी झाडली गेली. एका यंत्रणेकडून दुसरीकडे माहिती जाताना नेमका महत्त्वाचा मजकूर गळणे माझ्या धंद्यात रोज घडते, तिथे फार तर बिल चुकते. २०१६ मध्ये शहराने कुटुंबाला ६० लाख डॉलर दिले.

ब्रिटनने नुसत्या टोकावर भिस्त ठेवली नाही. २००६ च्या कायद्याने (तो १ ऑक्टोबर २००७ पासून लागू झाला) हुबेहूब दिसणारी नकली बंदूक विकण्यावरच बंदी आणली. मुख्य रंग भडक असेल, म्हणजे लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, गुलाबी, जांभळा, निळा, किंवा सगळेच पारदर्शक, तरच ती सर्रास विकता येते, तीही अठरा वर्षांवरच्यालाच. काळी हवी असेल तर आपण खरोखर खेळाडू आहोत हे दाखवावे लागते. त्यासाठी विक्रेत्यांनी 'युकारा' नावाची नोंदवही ठेवली आहे, आणि तीत नाव यायला किमान दोन महिन्यांच्या अवधीत तीनदा खेळावे लागते. चिरंजीव सोळाचे, म्हणजे विकत बापानेच घ्यायचे. काळे हवे तर पंचेचाळिशीच्या बापाने आधी तीन रविवार चिखलात लोळायचे!

चिरंजीवांचे म्हणणे, निळे पिस्तूल खेळणे वाटते. मी म्हटले, तेच तर हवे आहे. तो रंगाने आपल्यासारखा, उंचीने माझ्यापेक्षा तीन बोटे जास्त, आणि मैदानावर जाताना दोन गाड्या बदलतो. त्याच्या मित्राच्या हातात काळी वस्तू दिसली तर लोक काय समजतील आणि याच्या हातात दिसली तर काय, हा हिशेब मला इथे राहून चांगला समजतो. तो त्याला समजायला नको असे वाटते, पण सांगावा लागला. शेवटी तैवानचे, ग्रीन गॅसवर चालणारे, भडक निळे पिस्तूल घेतले, कुलपाच्या पेटीसकट. पेटी मैदानाच्या फाटकाच्या आतच उघडायची असे ठरले आहे. सार्वजनिक जागी विनाकारण नकली बंदूक बाळगणे हा इथे २००३ च्या कायद्यापासून गुन्हाच आहे.

जाता जाता, शिवजयंतीचे नाटक बसवणाऱ्या मंडळींसाठी. ज्या बंदुकीची घडण १८७० पूर्वीची दिसते तिला २००६ च्या कायद्यातली हुबेहूबपणाची अट लागत नाही. तेव्हा मावळ्यांच्या तोड्याच्या बंदुका गुलाबी रंगवायची गरज नाही. मात्र घरापासून हॉलपर्यंत त्या गाडीच्या डिकीत, चादरीत गुंडाळून न्याव्यात.